एक एक्झिबिट घडवायचं आहे: पहिल्या प्रश्नापासून स्पेअरच्या डब्यापर्यंत

संग्रहालयासाठी किंवा एखाद्या माहिती केंद्रासाठी ‘काहीतरी इंटरॅक्टिव्ह करून द्या’ असं काम पहिल्यांदा अंगावर येतं, तेव्हा बरेच जण टचस्क्रीनचे भाव विचारायला निघतात. त्याआधी हे वाचा. डिझाइन कॉलेजातून नुकते बाहेर पडलेले, आयटीआय किंवा डिप्लोमा करून फॅब्रिकेशनमध्ये आलेले, गणपतीचे देखावे करता करता या कामाकडे वळलेले, अशांसाठी हा लेख आहे. एक्झिबिटच्या सगळ्या प्रकारांना हात घालत नाही. एकच घेतो आणि शेवटच्या स्क्रूपर्यंत नेतो, कारण हे काम एका वस्तूच्या मागे लागल्यावरच कळायला लागतं.

आपलं एक्झिबिट मुंबईकराच्या ओळखीच्या प्रश्नाचं आहे: दादर-परळच्या मधल्या हिंदमाताला पाणी का तुंबतं?

आधी माणसं बघा

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली सुरू झालं. बाहेरचं विज्ञान उद्यान त्याच्याही आधीचं, १९७९चं. शाळांच्या सहलींच्या दिवसांत तिथे एक अख्खा दिवस घालवा. एक्झिबिटकडे पाठ करून उभे राहा आणि येणाऱ्यांकडे बघा. मूल धावत येतं तेव्हा हात आधी कुठे जातो? पाटी कोण वाचतं? कशापाशी दोन मुलं एकमेकांशी बोलायला लागतात? कुठे बटण दाबून, काय होतंय ते न बघताच पुढे पळतात? हे सगळं वहीत उतरवा. गॅलरीत उभ्या असलेल्या काकांना विचारा की सगळ्यात जास्त काय मोडतं आणि लोक पुन्हा पुन्हा कुठे परत येतात. ते रोज हेच बघत असतात आणि त्यांना सहसा कुणी विचारत नाही.

मग भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा. १८७२ साली लोकांसाठी उघडलेल्या या संग्रहालयात मातीच्या छोट्या प्रतिकृतींना हात लावता येत नाही, तरी लोक काचेला नाक लावून उभे राहतात. काम करणारी छोटी माणसं दिसली की नजर थांबते. तुमच्या मॉडेलच्या रस्त्यावर छत्री घेतलेली माणसं, एक बस आणि अडकलेली टॅक्सी का हवी, ते तिथे कळेल. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं २०१९ साली सुरू झालेलं मुलांचं संग्रहालयही याच फेरीत बघून घ्या.

आणि गणेशोत्सवात लालबाग-परळचे चलत देखावे मागच्या बाजूने बघा. वायपर मोटर, लोखंडी पट्ट्या आणि लाकडी कॅम (फिरताना वरचा भाग उचलणारी, पूर्ण गोल नसलेली चकती) यांवर ते कारागीर भर पावसाळ्यात दहा दिवस न थांबणारी हालचाल उभी करतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखं फार आहे. मात्र देखाव्याला कुणी हात लावत नाही. तुमच्या कामाला रोज शेकडो हात लागणार आहेत आणि ते काही वर्षं टिकायचं आहे.

फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एक्सप्लोरेटोरियम उघडलं. निसर्गातली घटना समोर खरोखर घडली पाहिजे आणि येणाऱ्याला ती आपल्या हाताने बदलून बघता आली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आपली एक्झिबिट कशी बनवली, त्याच्या कृतीही त्यांनी छापून सगळ्यांना खुल्या केल्या. माझी कसोटी तिथूनच आली आहे. उत्तर हाताच्या कृतीतून मिळालं पाहिजे. बटण दाबल्यावर व्हिडिओ सुरू होत असेल, तर हाताने फक्त व्हिडिओ सुरू केला. शोध काहीच लागला नाही.

प्रश्न, कृती, दिसणारा बदल

कागदावर तीन ओळी लिहा. लोकांना पडलेला प्रश्न कोणता, हाताने काय करायचं, आणि केल्यावर डोळ्यांसमोर काय बदलेल. तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर विषय बदला किंवा त्यासाठी साधं पॅनेल करा. चांगलं पॅनेल हेही चांगलं काम आहे.

हिंदमाताचं काय होतं बघा. हा भाग बशीसारखा खोलगट आहे. चहूबाजूंचं पावसाचं पाणी तिथे उतरतं आणि जमिनीखालच्या नाल्यांनी समुद्राकडे जातं. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं. मोठ्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, आणि पावसाळ्यात असे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. नाल्याच्या तोंडापेक्षा समुद्र वर असेल तर उतार असूनही पाणी बाहेर पडत नाही. म्हणून पंपिंग स्टेशनं लागतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाऊस आणि भरती एकत्र आल्यावर काय होतं ते शहराने भोगलं.

बहुतेक लोक म्हणतात, ‘प्लास्टिकने गटारं तुंबतात म्हणून पाणी साचतं.’ ते खरं आहे, पण अर्धं. स्वच्छ नालासुद्धा भरतीला पाणी परत ढकलतो, हे उरलेलं अर्धं आपल्या टेबलावर दिसायला हवं. आलेल्या माणसाच्या मनात आधीपासून काय आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक्झिबिटला त्या समजुतीशीच बोलायचं असतं.

मग तीन ओळी अशा होतात. प्रश्न: नाला साफ असूनही पाणी का साचतं? कृती: एका हाताने चाक फिरवून समुद्र चढवायचा, दुसऱ्या हाताने पाऊस पाडायचा. बदल: समुद्र खाली असताना पाणी पारदर्शक नळीतून वाहून जातं, समुद्र वर असताना तेच पाणी थांबतं आणि टॅक्सीची चाकं बुडतात.

परात, नळी आणि मग

पैसा खर्च करण्याआधी हे घरी करा. एक खोलगट परात, तिच्या कडेला भोक पाडून बसवलेली पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक एका टबात, आणि पाणी ओतायला मग. टबात पाणी वाढवलं की परातीतलं पाणी निघेनासं होतं. नळी बारीक घेतलीत तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि भरती नसतानाही पाणी थांबतं, म्हणजे एक्झिबिट चक्क खोटं बोलतं. १२ ते १५ मिलिमीटर आतला व्यास आणि सलग उतार ठेवा.

हा जुगाड घेऊन सोसायटीच्या आवारात किंवा ओळखीच्या शाळेत जा. मुलांना काही समजावू नका. ‘हे बघ काय आहे’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं हाच या कामातला अवघड भाग आहे, कारण मूल चुकीच्या वस्तूला हात लावतं तेव्हा बोट दाखवायची जबरदस्त इच्छा होते. दाखवू नका. ते जिथे चुकतं तिथे तुमची रचना बदलायची आहे.

नंतर ‘समजलं का?’ असं विचारू नका. आपल्याकडे मुलं बाईंना आणि सरांना नेहमी ‘हो’च म्हणतात. ‘आत्ता काय झालं ते तुझ्या मित्राला सांग’ म्हणा आणि ऐका. पाच-सहा जोड्यांत बहुतेक अडचणी वर येतात. बदल करा आणि पुन्हा जा. पुठ्ठा, टेप आणि परात बदलायला काही मिनिटं लागतात. वेल्डिंग झालेली फ्रेम बदलायला महिना जातो आणि मन तर मुळीच होत नाही.

तिसरं काहीतरी घालायचा मोह होईल: नाल्याच्या तोंडाला झडप, हातपंप, दिवे, आवाज. दोन कृतींवर थांबा. मुलं आपणहून विचारायला लागली की ‘मग पाणी बाहेर कसं काढायचं?’, तर हातपंप जोडा, कारण तेव्हा तो त्यांच्याच प्रश्नाचं उत्तर असेल.

मापं आणि प्रामाणिकपणा

चार किलोमीटरचा भाग ८० सेंटीमीटरवर दाखवला तर प्रमाण एकास पाच हजार होतं. त्या प्रमाणात पाच मीटरची भरती फक्त एक मिलिमीटर! म्हणून उभी उंची वाढवावी लागते. पाच मीटरला पाच सेंटीमीटर दिले तर उंची पन्नासपट फुगवली. करा, पण पाटीवर स्पष्ट लिहा: ‘उंची ५० पट वाढवून दाखवली आहे.’ संग्रहालयातल्या वस्तूवर लोक विश्वास ठेवतात. तो आपण जपायचा असतो.

टेबल १२० बाय ८० सेंटीमीटर धरू. त्यात ८० बाय ८०ची जमीन आणि ८० बाय ४०ची समुद्राची टाकी. टाकीत २० सेंटीमीटर पाणी म्हणजे ६४ लिटर, म्हणजे ६४ किलो. फ्रेम, काच आणि वर रेलणारी चार मुलं वेगळीच. जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर काम असेल तर हे वजन आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. हेरिटेज इमारत असेल तर भिंतीला एक खिळाही विचारल्याशिवाय ठोकू नका. टेबल आपल्या पायांवरच उभं राहील असं करा.

समुद्र चढवायला पंप लागत नाही. ४० बाय ४० सेंटीमीटरचा पोकळ, बंद डबा टाकीच्या मागच्या भागात झाकणाखाली ठेवा आणि स्क्रूच्या दांड्याने तो खाली दाबा. डबा पाणी बाजूला सारतो आणि पातळी वर येते. पाच सेंटीमीटर पातळी चढवायला १६ लिटर पाणी सारावं लागतं, म्हणजे डबा १६ किलोच्या जोराने वर ढकलला जातो. स्क्रूमुळे तो जोर मुलाच्या हाताला जाणवत नाही आणि चाक सोडलं तरी डबा जागेवर राहतो. दर फेऱ्याला पाच मिलिमीटर पुढे जाणारा स्क्रू घेतला तर डबा पाच सेंटीमीटर उतरायला दहा फेरे पुरतात. शेवटाला पोचल्यावर मुलं चाक आणखी जोर लावून फिरवणारच, म्हणून मध्ये घसरणारा क्लच घाला. क्लच नसेल तर स्क्रू पहिल्याच सुट्टीत जाईल.

पावसासाठी वर दोन लिटरची टाकी आणि हात सोडला की आपोआप बंद होणारा नळ. टाकी भरायला समुद्रातून पाणी चढवणारा छोटा २४ व्होल्टचा पंप. टाकी यापेक्षा मोठी केलीत तर पाऊस भरतानाच समुद्र उतरतो. डबा पाण्याबाहेर असताना दोन लिटरला पातळी साधारण सहा मिलिमीटर हलते आणि डबा पाण्यात उतरलेला असताना साधारण बारा; तेवढं चालतं.

चाकाच्या बाजूला शून्य ते पाच मीटरची पट्टी लावा आणि साडेचारला लाल खूण करा. पावसाळ्यात बातम्यांत ऐकलेला आकडा इथे सापडला की मोठी माणसंही झुकून बघतात.

मुंबईची हवा

इथे खारी, दमट हवा आहे आणि चार महिने पाऊस. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) वापरू नका, ते पाणी पिऊन फुगतं. आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडाही सील करा. लोखंडाऐवजी ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, आणि समुद्राच्या अगदी कडेला असाल तर ३१६. बेअरिंग दोन्ही बाजूंनी सीलबंद असलेली.

लोक रेलतात तिथे अ‍ॅक्रिलिक लावू नका, त्याला भेगा पडतात. पॉलिकार्बोनेटवर ओरखडे उठतात, पण ते फुटत नाही. टफन्ड काच चांगली; मात्र टफन केल्यावर ती कापता येत नाही की भोक पाडता येत नाही, म्हणून सगळी भोकं आधी ठरवा.

पाण्याचं एक्झिबिट आहे, त्यामुळे डासांचा विचार पहिल्या दिवसापासून करा. साचलेल्या पाण्यासाठी महापालिकेचा कीटकनाशक विभाग तपासणीला येतो आणि ते योग्यच आहे. टाकीला तळाशी मोठा ड्रेन व्हॉल्व्ह द्या. आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण काढून टाकी पुसून कोरडी करायची, हे देखभालीच्या तक्त्यावर लिहा. खाली ट्रे आणि भोवती न घसरणारी फरशी हवी.

वीज: २३० व्होल्ट पाण्यापासून दूर, कुलूपबंद पेटीत. लाईनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) आणि खरंखुरं अर्थिंग. टेबलात फक्त २४ व्होल्ट. वायरिंगचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

पुढे कधी कॉम्प्युटर लावावा लागलाच, तर संध्याकाळी मेन स्विच थेट बंद होणार हे गृहीत धरा. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर वापरत असाल तर त्याचं मेमरी कार्ड रीड-ओन्ली, म्हणजे त्यावर काही लिहिलं जाणार नाही असं ठेवा आणि वीज आली की सगळं आपोआप सुरू होऊ द्या. पावसाळ्यात ओल्या बोटांनी टच नीट चालत नाही, आणि खिडकीतून ऊन येत असेल तर इन्फ्रारेड सेन्सर गोंधळतात. चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर या हवेत जास्त भरवशाचे.

सगळ्यांचे हात पोचले पाहिजेत

पन्नास मुलांची सहल आली आणि एकेकाला दीड मिनिट लागलं तर ७५ मिनिटं होतात. बाई दहा मिनिटांत ‘चला, पुढे’ म्हणणार आहेत. म्हणून चाक एका बाजूला, पावसाचा नळ दुसऱ्या बाजूला, आणि तिसऱ्या बाजूने बघायला मोकळी जागा. दोघांनी मिळून केल्याशिवाय पूर होत नाही, अशी रचना झाली की मुलं आपोआप एकमेकांना सांगायला लागतात: ‘थांब, आधी समुद्र चढव!’ तिथून पुढचं शिकवणं तीच करतात.

व्हीलचेअरवरचं मूल गुडघे आत घालून बसू शकेल, यासाठी टेबलाखाली किमान ७० सेंटीमीटर मोकळी उंची लागते, आणि टेबल साधारण ८५च्या वर नको. इथे टाकीची खोली आड येते. म्हणून टाकी एका टोकाला ठेवायची आणि जमिनीचा भाग पातळ करायचा. हातात धरायचं सगळं जमिनीपासून ४० ते १२० सेंटीमीटरच्या आत. वाट किमान ९० सेंटीमीटर, आणि वळायला दीड मीटर मोकळं. २०१६चा दिव्यांग हक्कांचा कायदा आहेच, पण तो नसता तरी हे करायचंच होतं.

न दिसणाऱ्यांसाठी पाण्याची पातळी बोटाला कळेल अशी उंचावलेली पट्टी आणि ब्रेल पाटी करा. ती तयार झाल्यावर दाखवण्यापेक्षा परातीच्या टप्प्यावरच त्यांना बोलवा. झेवियर्स कॉलेजातलं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र आणि नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड मुंबईतच आहेत.

बोटं अडकणाऱ्या फटी सांभाळा. खेळाच्या मैदानांसाठीच्या युरोपीय मानकात ८ ते २५ मिलिमीटरची फट धोक्याची मानतात. त्याहून लहान ठेवा किंवा मोठी. सगळ्या कडा गोल करा.

पाटी

पाटी एक्झिबिटबरोबरच तपासायची असते, नंतर नाही. क्रियापद आधी: ‘समुद्र चढवा. आता पाऊस पाडा. पाणी कुठे गेलं?’ हे चाकाजवळ, मोठ्या अक्षरात. कारण सांगणारा मजकूर वेगळा आणि पन्नास-साठ शब्दांच्या आत. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही हवं असतं, त्यामुळे प्रत्येक भाषेत जितकं कमी तितकं बरं. मराठी मजकूर मराठीतच लिहून घ्या. इंग्रजीवरून केलेला मजकूर मुलांना मोठ्याने वाचायला लावा, लगेच कळतं. देवनागरीत वेलांट्या वर आणि उकार खाली जातात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर द्या. ‘एक टाइप’ या मुंबईच्या अक्षरकारांच्या गटाचा ‘मुक्त’ फॉण्ट मोफत मिळतो आणि लांबून स्वच्छ वाचता येतो.

सामान, आणि हातात देताना

इलेक्ट्रॉनिक्ससाठी लॅमिंग्टन रोड, वायर-स्विचसाठी लोहार चाळ, बेअरिंग-स्क्रू-हत्यारांसाठी नागदेवी, फॅब्रिकेशनसाठी साकीनाका आणि अंधेरी एमआयडीसीचे गाळे. एक नियम पाळा: जो सुटा भाग मोडू शकतो तो मुंबईच्या बाजारात सहज मिळणारा असावा. परदेशातून मागवलेला सुंदर नळ गेला की एक्झिबिटवर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लागते आणि ती महिनोन्‌महिने तशीच राहते. अशी पाटी वाचून परतणाऱ्या मुलाचा चेहरा बघवत नाही.

म्हणून कोटेशनमध्येच पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीचे पैसे वेगळे धरा. मी एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांच्या खाली जात नाही. समोरचा पक्ष ते कापायला सांगेल, तेव्हा सजावट कमी करा. सरकारी काम असेल तर दोष-दायित्वाचा कालावधी (काम दिल्यावर निघालेले दोष तुम्ही स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) आणि रोखून धरलेली रक्कम आधीच वाचून ठेवा.

उद्घाटनाआधी निदान आठवडाभर एक्झिबिट लोकांसमोर चालवा. पंपाची जाळी, क्लच आणि नळाची स्प्रिंग कुठे दमते ते तेव्हाच दिसतं. हातात देताना एक डबा द्या: दोन नळ, एक पंप, क्लचच्या चकत्या, बेअरिंगची जोडी, नळीचे दोन मीटर, आणि छेडछाड रोखणाऱ्या स्क्रूंचा पाना दोरीने बांधून. सोबत प्रत्यक्ष बांधलं तसं ड्रॉइंग, प्रत्येक भाग कुठल्या बाजारातून कुठल्या मापाचा आणला ती यादी, आणि मराठीत एक पान: पाणी कसं काढायचं, पंपाची जाळी कशी धुवायची, चाक घट्ट झालं तर आधी काय बघायचं. ते पान गॅलरीतल्या काकांना वाचायला द्या, आणि पाना त्यांच्या हातात देऊन पंप एकदा त्यांनाच काढून परत बसवू द्या.